पंधरा मीटर

पासाउच्या धक्क्यावर तीन बोटी, एकीला एक खेटून.
आमची तिसरी.
म्हणजे आधी दोन परक्या बोटींच्या दिवाणखान्यांतून जायचं,
परक्यांच्या कॉफीच्या वासातून, माफ करा, माफ करा म्हणत,
आणि प्रत्येक बोटीला पितळी उंबरा, चार बोटं उंच.
चार बोटं म्हणजे किती
हे कळायला खुब्याचं हाड मोडावं लागतं.

गेरलिंडेनं, माझ्या मुलीनं, तिकीट काढताना विचारलं होतं,
लिफ्ट आहे ना बोटीला?
आहे. मधल्या दोन मजल्यांपुरती.
जेवण तळाला, ऊन माथ्यावर,
लिफ्ट दोन्हीकडे जात नाही.

झोरान नावाचा खलाशी फळीच्या उतारावर
उलटा चालतो माझ्यापुढे,
हात पसरून, पण मला न धरता.
धरणारे खूप भेटले.
हे त्याला कुणी शिकवलं, विचारायचं राहूनच गेलं.

सहलीला निघणाऱ्यांच्या छातीवर टिकल्या:
लाल म्हणजे भरभर, निळी म्हणजे बेतानं.
आम्हा हिरव्यांना बाईनं गोड आवाजात सांगितलं,
मठाला पायऱ्या फार आहेत हो.
हिरवे दोघेच. मी, आणि फ्रिसलंडची च्यित्स्के, कुबडीवाली,
जी पत्त्यांत लबाडी करते
आणि पकडली की कुबडी आपटते.
मठ आम्ही खालून पाहिला. पिवळा आहे.
"वरून तरी काय, नदीच दिसत असेल," ती म्हणाली.

दुपारी पूल आला, बुटका.
कठडे निजवले, छत्र्या मिटल्या,
कप्तानाची काचेची खोलीसुद्धा
गुडघे मोडून खाली बसली.
तिला कुणी बिचारी म्हणालं नाही.

रात्री पावणेतीनला जाग आली
ती इंजिन गप्प झाल्यामुळे.
हे गप्प होणं मी ओळखतो.
एकतीस वर्षं या जलद्वाराच्या वरच्या खोलीत बसून
मी जहाजं उतरवली, पंधरा पंधरा मीटर:
कोळसा, मका, लोखंड,
पुढे पुढे नुसती म्हातारी माणसं.
वरून त्यांची टकलं दिसायची. हात हलवायची ती.
मी सँडविच खात असायचो.

बाल्कनीत आलो. काठी कठड्याला टेकवली.
पाणी सुटलं. आम्ही खाली निघालो, सावकाश,
आणि भिंत वर निघाली, ओली, गळती,
हातभर अंतरावर.
हात लावला.
एवढी वर्षं माझी म्हणायची ही भिंत,
आणि ती मऊ आहे हे मला ठाऊक नव्हतं.
गोगलगायी होत्या तिच्यावर. चिकार.

मान वर केली तर खोलीत अंधार.
आता सगळं कुठून तरी लांबून चालवतात म्हणे, पडद्यावर पाहून.
तरी मी हात हलवला, त्या म्हाताऱ्यांसारखाच,
आणि कोपर लागून काठी गेली.

आधी पाण्याचा आवाज. मग बोट जराशी भिंतीकडे झुकली.
मग दुसरा आवाज.
तो मी वरून कितीदा ऐकला होता:
ओंडके, रिकामी पिंपं,
एकदा कुणाच्या तरी चेलोची पेटी.
नोंदवहीत लिहायचो, किरकोळ.

शेजारच्या बाल्कनीतून च्यित्स्के म्हणाली, "काय मोडलं?"
"किरकोळ," मी म्हणालो.
मग दोघंही उभे राहिलो आपापला कठडा धरून
दारं उघडेपर्यंत,
आणि पलीकडे साधी, सपाट, काळी नदी.

सकाळी झोराननं बोटीच्या आकडीचा जुना दांडा कापून
टोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून दिलं.
दोन बोटं लांब झालाय.
व्हिएन्नाला पोचलो की तासून देतो म्हणाला.
नको म्हटलं.
खांदा दुखतो थोडा, पण
उंबरा आधी तो गाठतो, मग मी.